बाल्डर्स गेट ३ मध्ये दमदार सॉर्सरर कसा घडवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा बाल्डर्स गेट ३ हा गेम ३ ऑगस्ट २०२३ ला पीसीवर आला. त्यात बारा क्लास, म्हणजे कॅरेक्टरचे पेशे, आहेत आणि कॅरेक्टरची लेव्हलही १२ पर्यंतच वाढते. या बारांपैकी माझा सगळ्यात लाडका क्लास सॉर्सरर. पण नवख्या खेळाडूंना पहिल्या दोन-तीन लेव्हल तो मिळमिळीत वाटतो आणि ते तो सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न एकत्र करून त्यांची सविस्तर उत्तरं दिली आहेत. कथेतली रहस्यं शक्यतो उघड केलेली नाहीत, फक्त काही ठिकाणांची आणि वस्तूंची नावं येतील.

सॉर्सरर आणि विझार्ड दोघेही जादूच करतात. मग फरक काय?

विझार्ड जादू शिकतो. स्क्रोल (जादू लिहिलेली गुंडाळी) सापडला की पैसे मोजून तो आपल्या वहीत उतरवून घेतो, आणि लढाई नसेल तेव्हा हवे ते स्पेल, म्हणजे मंत्र, तयार ठेवतो. सॉर्सररची जादू जन्मजात असते. त्याला स्क्रोलमधून काही शिकता येत नाही. लेव्हल वाढली की एखादा नवा स्पेल मिळतो आणि जुन्यांपैकी एक बदलता येतो, एवढंच. पाचव्या लेव्हलला सबक्लासकडून (क्लासच्या उपशाखेकडून) मिळालेले आणि कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे साधे स्पेल) सोडले तर त्याच्याकडे जेमतेम सहा स्पेल असतात.

याच्या बदल्यात त्याला मेटामॅजिक मिळतं, म्हणजे टाकलेला स्पेल जागच्या जागी वाकवायची ताकद. एकच स्पेल दोघांवर टाकणं किंवा एकाच टर्नमध्ये दोन मोठे स्पेल टाकणं विझार्डला असं सहज जमत नाही. सॉर्सरर घडवताना घ्यायचा प्रत्येक निर्णय या एका गोष्टीपाशी येऊन थांबतो: स्पेल मोजकेच असणार, तेव्हा मेटामॅजिकला साथ देतील तेच घ्यायचे.

या मालिकेत हा क्लास पहिल्यांदा आला तो २००० साली, बाल्डर्स गेट २ मध्ये. तो गेम बायोवेअरचा होता.

सुरुवातीला ॲबिलिटी स्कोअर कसे वाटायचे?

करिश्मा सगळ्यात आधी. स्पेल लागतो की नाही, शत्रूला तो चुकवणं किती अवघड जातं, हे सगळं करिश्मावर ठरतं. त्यानंतर डेक्स्टेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशन. माझी वाटणी अशी: करिश्मा १७, डेक्स्टेरिटी १६, कॉन्स्टिट्यूशन १४, विज्डम १०, स्ट्रेंग्थ ८ आणि इंटेलिजन्स ८. वाटायला मिळालेले २७ पॉइंट आणि कॅरेक्टर बनवताना वरून मिळणारे +२, +१ यांत हे बरोबर बसतं.

करिश्मा १७ हा विषम आकडा बघून अनेकांना शंका येते, कारण बोनस सम आकड्यावरच वाढतो. पहिल्या अंकात नदीकाठच्या चहाघरातल्या आंटी एथेलकडून कोणताही एक स्कोअर १ ने वाढवून घ्यायची संधी असते. ती साधली की करिश्मा १८ होतो आणि चौथ्या लेव्हलच्या फीटने (ठरावीक लेव्हलला निवडायची खास क्षमता किंवा स्कोअरवाढ) थेट २०. ती वाट धरायची नसेल तर चौथ्या लेव्हलला ॲक्टर हा फीट घ्या. त्याने करिश्मा १ ने वाढतो आणि थापा मारण्यात तुमचा हात कोणी धरू शकत नाही.

रेस कोणती घ्यावी?

मनाला आवडेल ती घ्या. बाल्डर्स गेट ३ मध्ये +२, +१ कुठल्याही रेसला कुठेही देता येतात, त्यामुळे अमुक रेस घेतली म्हणून करिश्मा कमी पडला असं होत नाही. तरी फक्त ताकदीचाच विचार करायचा तर ह्यूमन आणि हाफ-एल्फ यांना ढाल वापरता येते. सॉर्सररला एरवी ती येत नाही. हातात ढाल असली तरी स्पेल टाकायला अडचण नसते, आणि आर्मर क्लास, म्हणजे वार लागणं अवघड करणारा आकडा, फुकटात २ ने वाढतो. नाजूक कॅरेक्टरसाठी हे फार मोलाचं आहे. नोम घेतला तर मनावर परिणाम करणाऱ्या जादूपासून चांगलं संरक्षण मिळतं.

सबक्लास कोणता?

आता चार आहेत: ड्रॅकॉनिक ब्लडलाइन, स्टॉर्म सॉर्सरी, वाइल्ड मॅजिक आणि १५ एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमध्ये आलेला शॅडो मॅजिक.

पहिल्यांदाच खेळत असाल तर डोळे झाकून ड्रॅकॉनिक घ्या. दर लेव्हलला एक जादा हिट पॉइंट मिळतो. कॉन्स्टिट्यूशन १४ धरलं तर बाराव्या लेव्हलला साध्या सॉर्सररचे ७४ हिट पॉइंट होतात, ड्रॅकॉनिकचे ८६. शिवाय चिलखत न घालता आर्मर क्लास १३ अधिक डेक्स्टेरिटी बोनस, म्हणजे वरच्या वाटणीत १६, आणि ढाल असेल तर १८. मेज आर्मर हा स्पेलही १३ चाच पाया देतो, तेव्हा ड्रॅकॉनिकने त्यावर स्पेल वाया घालवू नये.

खरा प्रश्न ड्रॅगनच्या रंगाचा. सहाव्या लेव्हलपासून तुमच्या रंगाच्या प्रकारच्या नुकसानात करिश्माचा बोनस जोडला जातो. लाल, सोनेरी आणि पितळी ड्रॅगन आगीचे, निळा आणि ब्राँझ विजेचे, पांढरा आणि चंदेरी थंडीचे. आगीत स्कॉर्चिंग रे, फायरबॉल, वॉल ऑफ फायर असे स्पेल लागोपाठ हाताशी येत जातात, त्यामुळे लाल रंग सगळ्यात सोपा. आगीची अडचण एकच, तिला दाद न देणारे शत्रू बरेच आहेत, आणि कथा नरकाच्या जवळ सरकते तसतसे ते वाढत जातात. एलिमेंटल अडेप्ट हा फीट घेतला की रेझिस्टन्स असलेल्यांचा प्रश्न मिटतो, पूर्ण इम्यून असलेल्यांचा मात्र राहतोच.

माझी स्वतःची निवड निळा. का, ते पाण्याबद्दलच्या प्रश्नात येईल.

स्टॉर्म सॉर्सररला पहिल्या किंवा वरच्या लेव्हलचा स्पेल टाकल्यावर बोनस ॲक्शन (टर्नमधली छोटी जादा कृती) वापरून उडून जाता येतं, आणि जाताना शत्रू मागून वार करू शकत नाही. सतत घेरले जात असाल तर हा सबक्लास जीव वाचवतो. वाइल्ड मॅजिकमध्ये स्पेल टाकताना काहीही घडू शकतं, कधी फायद्याचं, तर कधी शत्रूच्या बाजूने कॅम्बियन हा राक्षस येऊन उभा राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी खेळताना तो जरूर अनुभवा. पण एकच सेव्ह असलेल्या ऑनर मोडमध्ये मी तो कोणालाही सुचवणार नाही. शॅडो मॅजिकवाला सहाव्या लेव्हलला एक काळा शिकारी कुत्रा बोलावतो. तो शत्रूला अडवून धरतो, त्यामुळे मागे उभं राहून खेळणाऱ्यांना ही जोडी छान जमते.

मेटामॅजिकमध्ये काय निवडायचं?

दुसऱ्या लेव्हलला दोन पर्याय निवडायचे, तिसऱ्याला एक आणि दहाव्याला आणखी एक. माझा क्रम ठरलेला आहे: दुसऱ्या लेव्हलला ट्विन्ड आणि केअरफुल, तिसऱ्याला क्विकन्ड, दहाव्याला हाइटन्ड.

ट्विन्ड म्हणजे एकावर चालणारा स्पेल दोघांवर. खर्च स्पेलच्या लेव्हलइतके सॉर्सरी पॉइंट, म्हणजे मेटामॅजिकचं इंधन. दुसऱ्या लेव्हलला तुमच्याकडे दोनच सॉर्सरी पॉइंट असतात, पण एका पॉइंटमध्ये क्रोमॅटिक ऑर्ब दोन गॉब्लिनवर जातो. त्या टप्प्यावर हे खूप आहे. पाचव्या लेव्हलनंतर हेस्ट (वेग वाढवून जादा ॲक्शन देणारा स्पेल) आला की ट्विन्डची खरी किंमत कळते. तीन पॉइंट खर्चून लेझेल आणि कार्लाक या लढवय्या साथीदार दोघींना एकदम हेस्ट दिला की लढाईचं चित्रच पालटतं. स्कॉर्चिंग रे किंवा मॅजिक मिसाइलसारखे अनेक बाण सोडणारे स्पेल मात्र ट्विन्ड होत नाहीत.

क्विकन्डला तीन पॉइंट लागतात, आणि ज्या स्पेलला एरवी पूर्ण ॲक्शन लागते तो बोनस ॲक्शनमध्ये बसतो. हा गेम ज्याच्या नियमांवर बेतला आहे, त्या टेबलावरच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये बोनस ॲक्शनने स्पेल टाकला तर त्या टर्नमध्ये दुसरा मोठा स्पेल टाकता येत नाही. लॅरियनने हा नियमच काढून टाकला. सॉर्सरर या गेममध्ये इतका जबरदस्त का आहे, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

पाचव्या लेव्हलचं एक उदाहरण घेऊ. गॉब्लिनांच्या छावणीत त्यांचा म्होरक्या ड्रोर रॅगझ्लिनच्या दालनात शिरायचं आहे. तुमच्याकडे पाच सॉर्सरी पॉइंट आहेत, तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट आहेत, म्हणजे त्या लेव्हलचे स्पेल टाकायच्या दोन संधी (स्पेलची लेव्हल आणि कॅरेक्टरची लेव्हल वेगळी). दारातूनच पहिला फायरबॉल टाकता: सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८ नुकसान. लगेच क्विकन्ड लावून बोनस ॲक्शनने दुसरा. ज्याचे दोन्ही सेव्हिंग थ्रो (स्पेलपासून बचावासाठी टाकलेले फासे) फसले त्याला सरासरी ५६ बसले. त्या दालनातले साधे गॉब्लिन इतक्यात आडवे होतात आणि रॅगझ्लिन जवळजवळ एकटा पडतो. आता तुमच्याकडे दोन पॉइंट आणि लहान स्लॉट उरले. पुढच्या टर्नला फायर बोल्ट ट्विन्ड करायला तेवढे पुरतात. सॉर्सररचं गणित असं असतं. पहिल्या टर्नमध्ये सगळा मारा ओतायचा, म्हणजे शत्रूंची संख्या कमी होते आणि उरलेली लढाई साथीदार सांभाळतात.

केअरफुलकडे लोक दुर्लक्ष करतात. हिप्नॉटिक पॅटर्न हा भुरळ पाडणारा स्पेल गर्दीत टाकायचा असेल आणि आपली माणसं मध्येच उभी असतील, तर एका पॉइंटमध्ये ती त्यातून सुटतात. हाइटन्डमुळे शत्रूला सेव्हिंग थ्रो जड जातो. ऐन वेळी होल्ड मॉन्स्टर लागलाच पाहिजे, अशा प्रसंगासाठी तीन पॉइंट राखून ठेवा.

सॉर्सरी पॉइंट लगेच संपतात. काय करायचं?

ते शॉर्ट रेस्टने (छोट्या विश्रांतीने) परत येत नाहीत, लाँग रेस्टच (रात्रीचा मुक्काम) घ्यावा लागतो. बॅलन्स्ड पातळीवर त्याला ४० कॅम्प सप्लाय लागतात, टॅक्टिशियनवर ८०. खाण्याच्या वस्तू सापडतील तिथून उचला, आणि विश्रांती घ्यायला लाजू नका. गेममध्ये खाणं भरपूर मिळतं, आणि बरेच कथाप्रसंग रात्रीच्या मुक्कामातच उलगडतात.

स्लॉट मोडून पॉइंट करता येतात: जितक्या लेव्हलचा स्लॉट, तितके पॉइंट. उलटा व्यवहार महाग आहे. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला २ पॉइंट, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला ५, चौथ्याला ६ आणि पाचव्याला ७. म्हणून पॉइंट देऊन स्लॉट घ्यायची सवय नको. पुढच्या लेव्हलमध्ये पहिल्या लेव्हलचे स्लॉट फारसे वापरले जात नाहीत. ते लढाईबाहेर मोडून क्विकन्डची सोय करून ठेवणं जास्त शहाणपणाचं. फक्त शील्ड या बचावाच्या स्पेलसाठी एक-दोन शिल्लक असू द्या.

नेमके कोणते स्पेल घ्यायचे?

पहिल्या लेव्हलचे: शील्ड कायमचा. मॅजिक मिसाइल कधीच चुकत नाही, म्हणून तो सुरुवातीला हवा. स्लीप पहिल्या दोन लेव्हल चमत्कार करतो आणि नंतर कुचकामी होतो, तेव्हा वेळेवर बदलून टाका.

दुसऱ्या लेव्हलचे: मिस्टी स्टेप. तो नसलेला सॉर्सरर मी खेळतच नाही. बोनस ॲक्शनमध्ये गराड्यातून बाहेर पडता येतं. आगवाल्यांनी स्कॉर्चिंग रे, बाकीच्यांनी होल्ड पर्सन. होल्ड पर्सन लागला की जवळून केलेला प्रत्येक वार क्रिटिकल बसतो, आणि हा स्पेल ट्विन्डही होतो.

तिसऱ्या लेव्हलचे: फायरबॉल किंवा लाइटनिंग बोल्ट, हेस्ट आणि शत्रूचा स्पेल रोखणारा काउंटरस्पेल. त्यापुढे बॅनिशमेंट, वॉल ऑफ फायर, कोन ऑफ कोल्ड, होल्ड मॉन्स्टर. अकराव्या लेव्हलला चेन लाइटनिंग.

जे स्पेल क्वचित लागतात, त्यांच्यावर तुमची मोजकी जागा खर्च करू नका. या गेममध्ये स्क्रोल कोणीही वापरू शकतो. फेदर फॉल, लाँगस्ट्रायडर अशा गोष्टी गेल या विझार्ड साथीदाराकडे सोपवा.

शील्ड आणि काउंटरस्पेल घेऊनही ते चालत नाहीत, अशी तक्रार बऱ्याचदा येते. कॅरेक्टर शीटमधल्या रिॲक्शनच्या पानावर जाऊन दोन्हींपुढे 'विचारा' हा पर्याय चालू करा. म्हणजे कोणत्या वारासाठी स्लॉट खर्चायचा, हे तुम्ही ठरवाल.

पाणी आणि विजेचं काय गणित आहे?

या गेमची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. भिजलेल्या प्राण्याला विजेचं आणि थंडीचं नुकसान दुप्पट बसतं. शॅडोहार्ट ही साथीदार क्लेरिक आहे आणि क्रिएट वॉटर तिला पहिल्या लेव्हलपासून मिळतो. तिने शत्रूंच्या घोळक्यावर पाऊस पाडायचा, लगेच तुम्ही लाइटनिंग बोल्ट सोडायचा. सरासरी २८ चे ५६ होतात, तेही क्विकन्डशिवाय. पाण्याची बाटली फेकून मारली तरी काम होतं.

आगवाल्यांनी मात्र सांभाळा. भिजलेल्या शत्रूला आग निम्मीच लागते. पार्टीत एकाने पाणी टाकायचं आणि दुसऱ्याने फायरबॉल, असं झालं तर दोघांचीही मेहनत फुकट. पार्टी कशावर चालणार, आगीवर की विजेवर, हे आधीच ठरवून घ्या.

कॉन्सन्ट्रेशन (हेस्टसारखे स्पेल चालू ठेवायला लागणारी एकाग्रता) सारखं तुटतं. उपाय?

सॉर्सररला कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हिंग थ्रोमध्ये जन्मतःच प्राविण्य असतं. विझार्डला ते नसतं. मार बसला की १० किंवा बसलेल्या नुकसानाच्या निम्मे, यांत जो आकडा मोठा तो गाठायचा असतो. पाचव्या लेव्हलला कॉन्स्टिट्यूशन १४ असेल तर तुमचा बोनस +५. म्हणजे १० गाठायची शक्यता ८० टक्के. ऐकायला बरी वाटते, पण लागोपाठ दोन वार बसले की ती ६४ टक्क्यांवर येते. वॉर कास्टर हा फीट घेतला तर प्रत्येक वाराला दोन फासे मिळतात आणि शक्यता ९६ टक्के होते.

ट्विन्ड हेस्ट वापरणाऱ्यांसाठी तर हा जिवावरचा प्रश्न आहे. तुमचं कॉन्सन्ट्रेशन तुटलं की हेस्ट मिळालेले दोघेही लढवय्ये एक टर्न हतबल उभे राहतात. म्हणून हेस्ट दिलात की पुढे जाऊ नका, खांबाआड किंवा उंचावर थांबा.

फीट कोणत्या क्रमाने?

चौथ्या लेव्हलला करिश्मा, आठव्याला वॉर कास्टर, बाराव्याला अलर्ट. हेस्टवर खेळणार असाल तर वॉर कास्टर आधी. आगवाल्यांनी बाराव्याला अलर्टऐवजी एलिमेंटल अडेप्ट. रेझिलियंट हा फीट कॉन्स्टिट्यूशनसाठी घेऊ नका, ते प्राविण्य तुमच्याकडे आहेच.

मल्टिक्लास करावा का?

पहिल्यांदा खेळताना नको. अकराव्या लेव्हलला सहाव्या लेव्हलचे स्पेल येतात, ते पुरेसे आहेत.

नंतर करायचाच असेल तर दहा लेव्हल सॉर्सरर आणि दोन लेव्हल टेम्पेस्ट डोमेनचा क्लेरिक करून बघा. टेम्पेस्टच्या डिस्ट्रक्टिव्ह रॅथने विजेच्या स्पेलचे सगळे फासे कमाल आकड्यावर पडतात. सहाव्या लेव्हलच्या स्लॉटमधून लाइटनिंग बोल्ट टाकला तर अकरा फासे, प्रत्येकी सहा, म्हणजे ६६. निळ्या ड्रॅगनचा वंशज असाल आणि करिश्मा २० असेल तर आणखी ५, एकूण ७१. शत्रू भिजलेला असेल तर १४२. नशिबाचा भाग त्यात फक्त शत्रूच्या सेव्हिंग थ्रोपुरता. डिस्ट्रक्टिव्ह रॅथ शॉर्ट रेस्टने परत मिळतं. शिवाय क्लेरिकमुळे चिलखत आणि ढालही येते. यात चेन लाइटनिंग हातचा जातो, तो तोटा मला चालतो.

वॉरलॉकच्या दोन लेव्हल घेऊन एल्ड्रिच ब्लास्ट क्विकन्ड करत राहणं हाही चांगला मार्ग आहे, स्लॉट अजिबात लागत नाहीत. कोणताही मल्टिक्लास करा, पहिली लेव्हल मात्र सॉर्सररचीच घ्या. कॉन्स्टिट्यूशनचं प्राविण्य पहिल्या क्लासवरूनच ठरतं.

कोणत्या वस्तू शोधाव्यात?

पहिल्या अंकात वॉकीन्स रेस्टच्या आगीतून काउन्सिलर फ्लोरिकला वाचवलंत तर बक्षीस म्हणून स्पेलस्पार्कलर ही काठी मागता येते. अंडरडार्कमध्ये मायकोनिड वस्तीतल्या ब्लर्गकडे मेल्फ्स फर्स्ट स्टाफ विकत मिळतो. दुसऱ्या अंकात मूनराइजच्या तुरुंगातल्या टीफलिंगांना सोडवलंत आणि अल्फिरा जिवंत असेल, तर ती पोटेंट रोब देते. त्याने कॅन्ट्रिपच्या नुकसानात करिश्मा जोडला जातो. तिसऱ्या अंकात सॉर्सरस संड्रीज या दुकानात बर्थराइट नावाची टोपी आहे, करिश्मा २ ने वाढवणारी. मार्कोहेश्किर ही काठी रामाझिथच्या मनोऱ्यात आहे. माझ्या मते सॉर्सररसाठी तिच्याहून चांगली काठी या गेममध्ये नाही.

लढाईबाहेर सॉर्सररचा उपयोग काय?

फार मोठा. पर्सुएशन, डिसेप्शन, इंटिमिडेशन हे तिन्ही करिश्मावर चालतात, आणि या गेममधले किती तरी प्रसंग केवळ बोलण्यावर फिरतात. कॅरेक्टर बनवताना क्लासकडून डिसेप्शन आणि इंटिमिडेशन घ्या. बॅकग्राउंड गिल्ड आर्टिझन निवडलंत तर पर्सुएशन आणि इनसाइट त्यातून मिळतात. शॅडोहार्टचा गायडन्स (जादा फासा देणारा स्पेल) जोडीला असला की सुटणारी संभाषणं कमीच. एखादी मोठी लढाई तलवार न उपसता टळते तेव्हा होणारा आनंद मला कुठल्याही फायरबॉलपेक्षा जास्त वाटतो.

मूळ साथीदारांपैकी एकही सॉर्सरर नाही. डार्क अर्ज या पर्यायी नायकाचं गेमने दिलेलं मूळ रूप मात्र ड्रॅगनबॉर्न सॉर्सररचं आहे. कथा अतिशय काळी आहे, पण हा क्लास त्या कथेत फार चपखल बसतो.

घडवलेला सॉर्सरर जमला नाही तर पुन्हा सुरुवात करावी लागते का?

नाही. विदर्स हा सांगाडा पहिल्या अंकातच भेटतो आणि तुमच्या कॅम्पमध्ये येऊन राहतो. १०० सोन्याच्या नाण्यांत तो क्लास, सबक्लास, स्कोअर आणि स्पेल सगळं नव्याने निवडू देतो, रेस मात्र बदलत नाही. त्यामुळे लाल ड्रॅगन घेऊन पाचव्या लेव्हलपर्यंत खेळा, मग निळा करून बघा. पैसे नसतील तर विदर्सच्याच खिशातून ते परत काढता येतात, चोरीत तरबेज साथीदार ॲस्टेरियनला जवळ उभा करा.